‘कनिष्क’चे मृत कोणाचे?

मृताबद्दल शोक करण्यापूर्वी तो आपला कोण लागत होता, हे पाहण्याची रीत आपल्या समाजात फार जुनी आहे. सुतक कोणाला, किती दिवसांचे, आणि कोणी नुसते स्नान करून मोकळे व्हावे, याचे नियम नात्याच्या अंतरावरून ठरलेले असतात. आधुनिक राष्ट्रे असल्या आचारधर्माला जुनाट म्हणतील. पण दहशतवादी हल्ल्यांत मारल्या गेलेल्या माणसांची आठवण ती ज्या पद्धतीने ठेवतात ती पाहिली, तर त्यांचाही व्यवहार यापेक्षा फारसा निराळा नाही असे आढळते. प्रथम मृताचे पारपत्र पाहिले जाते; मग त्याचा वर्ण, धर्म, घरची भाषा आणि ऐपत यांचा न बोलता हिशेब होतो; आणि त्यानंतर त्याच्यासाठी ध्वज अर्ध्यावर उतरवायचा की शोकसंदेश धाडून मोकळे व्हायचे, हे ठरते.

वरवर पाहता स्मरणाची आज वाण नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २१ ऑगस्ट हा दिवस दहशतवादाच्या बळींच्या स्मरणार्थ नेमून दिला आहे. युरोपात ११ मार्च पाळला जातो, कॅनडात २३ जून. आणि आपल्याकडे २१ मे रोजी, म्हणजे १९९१ साली राजीव गांधींची हत्या झाली त्या तारखेला, सरकारी कचेऱ्यांतून दहशतवादविरोधी शपथ घेतली जाते. जगातील बहुतेक मोठ्या शहरांत एखादी तरी भिंत, खांब किंवा बाग अशा मृतांच्या नावे उभी आहे. तथापि दिवस नेमणे आणि मृताला आपले मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी एक परिपत्रक पुरते. दुसरीला एका देशाला वीस-पंचवीस वर्षे लागली, आणि त्या विलंबाची किंमत काय पडते हे समजून घेण्यासाठी ‘कनिष्क’ विमानाच्या प्रकरणाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आकाश एकाचे, विमान दुसऱ्याचे

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे १८२ क्रमांकाचे बोइंग विमान टोरांटो व मॉन्ट्रियल येथून निघून लंडनमार्गे दिल्ली आणि मुंबईकडे येत होते. आयर्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटर अंतरावर, ३१,००० फूट उंचीवर असताना त्यातील सामानाच्या कप्प्यात बॉम्बचा स्फोट झाला आणि विमान अटलांटिक महासागरात कोसळले. ३०७ प्रवासी आणि २२ कर्मचारी, असे सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ऐंशीहून अधिक लहान मुले होती. समुद्रातून १३१ मृतदेह हाती लागले. बाकीच्यांच्या आप्तांना अग्नी देण्यासाठी काहीच मिळाले नाही. त्याच दिवशी, या स्फोटापूर्वी तासाभराच्या आत, जपानच्या नारिता विमानतळावर दुसरा बॉम्ब फुटून सामान हाताळणारे दोन जपानी कामगार ठार झाले. तो बॉम्बही एअर इंडियाच्याच बँकॉकला जाणाऱ्या विमानासाठी होता. दोन्ही पेट्या कॅनडातील व्हँकुव्हर शहरातून विमानात चढविण्यात आल्या होत्या, आणि त्या पेट्यांचे कथित मालक मात्र कोणत्याच विमानात चढले नव्हते.

या ३२९ जणांत कॅनडाचे नागरिक २६८ होते, ब्रिटनचे २७ आणि भारताचे २४. कट कॅनडाच्या भूमीवर शिजला, बॉम्ब कॅनडात तयार झाला, तो कॅनडाच्या विमानतळावरून गेला, आणि मेलेल्यांत बहुसंख्य कॅनडाचे नागरिक. कोणत्याही सरळ हिशेबाने ही कॅनडाच्या इतिहासातील सर्वांत भीषण सामूहिक हत्या ठरते. परंतु त्या देशाचे तेव्हाचे पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी सांत्वनासाठी दूरध्वनी केला तो दिल्लीला, राजीव गांधींना. या कृतीत दुष्टावा नव्हता. राजनैतिक शिष्टाचाराचीच ती एक रीत होती. मात्र ज्यांची मुलेबाळे गेली, ती टोरांटोच्या आणि मॉन्ट्रियलच्या उपनगरांत राहणारी, कॅनडाला कर भरणारी आणि तेथे मतदान करणारी कुटुंबे होती. आपल्या पंतप्रधानांनी आपले दुःख परक्या देशाच्या स्वाधीन केले, ही त्यांची भावना पुढे कित्येक वर्षे पुसली गेली नाही.

भारताची भूमिकाही पूर्णपणे निर्दोष म्हणता येत नाही. विमान आपल्या राष्ट्रीय कंपनीचे होते, कर्मचारी आपले होते, आणि न्यायमूर्ती कृपाल यांच्या चौकशीने १९८६ सालीच बॉम्बस्फोटाचा निष्कर्ष काढला होता. परंतु पंजाबातील रक्तपात, दिल्लीतील १९८४ चे शिखांचे शिरकाण आणि त्यानंतरच्या राजकीय धामधुमीत ‘कनिष्क’ हे आपल्याकडे परदेशात घडलेले एक प्रकरण होऊन बसले. मृत हे ‘तिकडचे’ होते. स्थलांतर करून गेलेले, तेथेच स्थिरावलेले. कॅनडाच्या लेखी ते भारतीय आणि भारताच्या लेखी कॅनडियन, अशा दोन उंबरठ्यांच्या मध्ये त्यांचे सुतक कोणी धरायचे, हे ठरले नाही.

ज्याचा संबंध नव्हता त्याची आठवण

ते धरले तिसऱ्याच देशाने. आयर्लंडचा या कटाशी, विमानाशी किंवा प्रवाशांशी कसलाच संबंध नव्हता. त्याच्या किनाऱ्याजवळ विमान पडले एवढेच. आयरिश नौदलाच्या ‘एशलिंग’ या जहाजाने समुद्रातील शोधाचे सूत्रचालन केले, कॉर्क शहराच्या रुग्णालयात मृतदेह आणले गेले, आणि हजारो मैलांवरून आलेल्या शोकाकुल आप्तांना तेथील लोकांनी आधार दिला. अवघ्या वर्षभरात, पहिल्या स्मृतिदिनी, कॉर्क परगण्यातील अहाकिस्ता या चिमुकल्या गावी समुद्राकाठच्या बागेत मृतांची नावे कोरलेले स्मारक उभे राहिले. त्यात छायायंत्र आहे. सूर्याच्या सावलीने वेळ दाखविणारे. दरवर्षी २३ जूनला सकाळी ८ वाजून १३ मिनिटांनी, म्हणजे विमान नाहीसे झाले त्या सुमारास, गावकरी आणि मृतांचे नातलग तेथे जमतात. २०२५ साली या घटनेला चाळीस वर्षे झाली, तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान आणि भारत व कॅनडाचे मंत्री तेथे उपस्थित होते. ज्या दोन राष्ट्रांनी हे दुःख एकमेकांकडे ढकलले, त्यांचे प्रतिनिधी एका मासेमारी गावाने जपलेल्या स्मारकापुढे उभे राहिले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

कॅनडाला जाग आली ती फार उशिरा. दोन प्रमुख आरोपींची १६ मार्च २००५ रोजी पुराव्याअभावी निर्दोष सुटका झाली, आणि त्या धक्क्यानंतर सरकार हलले. त्याच वर्षी २३ जून हा राष्ट्रीय स्मरणदिन ठरला, आणि पंतप्रधान पॉल मार्टिन विसाव्या स्मृतिदिनाला अहाकिस्ता येथे गेले. टोरांटो आणि व्हँकुव्हर येथील स्मारके २००७ सालची आहेत. व्हँकुव्हरच्या स्मारकाला लागून मुलांसाठी खेळण्याची जागा आहे, कारण मेलेल्यांत मुले फार होती. माजी न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाने जून २०१० मध्ये अहवाल दिला, आणि त्याच्या शीर्षकातच ही ‘कॅनडाची शोकांतिका’ असल्याचे म्हटले. पंचवीस वर्षांनंतर एका सरकारी अहवालाला हे शीर्षकातून सांगावे लागले, यातच सर्व आले. त्याच महिन्यात पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी शासनयंत्रणेच्या अपयशाबद्दल आणि कुटुंबांच्या झालेल्या उपेक्षेबद्दल जाहीर क्षमा मागितली.

विस्मरणाची किंमत

येथे कोणी म्हणेल, की स्मारक वीस वर्षे आधी उभे राहिले असते तर मेलेले का परत आले असते? प्रश्न वाजवी आहे. पण त्याचे उत्तर भावनेत नसून कारभारात आहे. राष्ट्र ज्याला आपला मृत मानते, त्याच्या मृत्यूची चौकशीही ते त्याच तातडीने करते. कॅनडाच्या गुप्तवार्ता विभागाने संशयितांच्या दूरध्वनी संभाषणांच्या शेकडो ध्वनिफिती पुसून टाकल्या होत्या. एका पत्रकाराने साक्ष देण्याची तयारी दाखविली होती. त्याची १९९८ साली हत्या झाली. शेवटी या संपूर्ण कटात केवळ एकाच माणसाला शिक्षा झाली. ३२९ जण ओटावातील एखाद्या सरकारी इमारतीत मारले गेले असते, तर ध्वनिफिती पुसल्या गेल्या असत्या काय आणि चौकशी आयोगाला वीस वर्षे वाट पाहावी लागली असती काय, हा प्रश्न मृतांचे नातलग विचारत राहिले आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले नाही.

त्याहूनही गंभीर गोष्ट पुढे घडली. ‘कनिष्क’ने शिकविलेला धडा साधा होता: जो प्रवासी विमानात चढला नाही, त्याची पेटीही चढता कामा नये. ‘कनिष्क’नंतर आंतरराष्ट्रीय पातळीवर या नियमाचा आग्रह धरला गेला. परंतु साडेतीन वर्षांनी फ्रँकफर्टच्या विमानतळावर पॅन ॲम कंपनी पेट्या प्रवाशांशी ताडून पाहण्याऐवजी केवळ क्ष-किरणांनी तपासत होती. २१ डिसेंबर १९८८ रोजी त्या कंपनीचे १०३ क्रमांकाचे विमान स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर फुटले, तेही मालकाविना आलेल्या पेटीने. विमानातील २५९ आणि गावातील ११, असे २७० जण मारले गेले. पहिल्या अपघाताची आठवण जगाने नीट ठेवली असती, तर दुसरा टळलाच असता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही; पण जगाने ती नीट ठेवली नव्हती, एवढे मात्र निश्चित.

आणि या दुसऱ्या विमानाच्या वाट्याला आलेली आठवण किती निराळी! मृतांपैकी १९० अमेरिकन होते. अमेरिकेने त्यांना पहिल्या दिवसापासून आपले मानले. अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने मे १९९० मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी हवाई सुरक्षेचा नवा कायदा झाला. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत १९९५ साली स्कॉटलंडच्या दगडाच्या २७० चिऱ्यांचा स्तंभ उभा राहिला. सिराक्यूज विद्यापीठाचे पस्तीस विद्यार्थी या विमानात होते. त्यांच्या नावे ते विद्यापीठ दरवर्षी पस्तीस विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते, आणि लॉकरबीच्या शाळेतील दोन विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी आपल्याकडे बोलावते. लॉकरबीच्या स्त्रियांनी तर मृतांच्या सामानातील कपडे गोळा केले, धुतले, इस्त्री करून घड्या घातल्या आणि मगच ते घरच्यांकडे पाठविले. रक्त आणि चिखल लागलेला सदरा कोणा आईच्या हाती पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्यांना हे करण्याचा आदेश कोणत्याही सरकारने दिला नव्हता.

परक्यांना आपले मानणारे

‘कनिष्क’च्या मृतांची उपेक्षा ते दूरून आलेले, वेगळ्या वर्णाचे होते म्हणून झाली, असे मानले तर स्थलांतरितांच्या वाट्याला सर्वत्र हेच येते असे वाटण्याचा संभव आहे. पण तसे नाही, हे दोन उदाहरणांवरून सिद्ध होते. माद्रिद शहरात ११ मार्च २००४ रोजी चार उपनगरी गाड्यांत दहा बॉम्ब फुटले आणि १९१ जण ठार झाले. सकाळच्या कामाला निघालेल्या त्या गर्दीत रुमानिया, दक्षिण अमेरिका आणि मोरोक्को येथून पोटासाठी आलेले अनेक कामगार होते. स्पेनच्या सरकारने त्याच महिन्यात फर्मान काढून या हल्ल्यातील परदेशी जखमींना आणि मृतांच्या निकटच्या आप्तांना स्पेनचे नागरिकत्व देऊ केले. मृताला आपला म्हणण्याची याहून स्पष्ट रीत दुसरी कोणती असू शकेल? ज्या दिवशी ते मेले, त्या दिवशी ते आमचेच होते, असे एका राष्ट्राने राजपत्रातून सांगितले.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडचे. क्राइस्टचर्च येथील दोन मशिदींत १५ मार्च २०१९ रोजी एका वर्णद्वेष्ट्याने ५१ नमाजींची हत्या केली. मृतांपैकी पुष्कळसे भारत, पाकिस्तान, बांगलादेश अशा देशांतून जाऊन स्थायिक झालेले होते. पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी पहिल्याच निवेदनात मृतांना निःसंदिग्धपणे आपले म्हटले, मारेकऱ्याचे नाव न उच्चारण्याचा निर्धार संसदेत केला, आणि राजकीय गोंधळात न पडता बंदुकीचे कायदे काही आठवड्यांत बदलले. शाही चौकशी आयोगाचा अहवाल दोन वर्षांच्या आत, डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडाची पंचवीस वर्षे आणि न्यूझीलंडची ही पावणेदोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे पहिल्या दिवशी उच्चारलेल्या एका सर्वनामाचे वजन किती असते हे कळते.

आपले मानल्यावरही आठवण कशी ठेवावी हा प्रश्न उरतोच. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ओस्लो आणि उटोया बेटावर मिळून ७७ जण मारले गेले, त्यांत बहुसंख्य तरुण होते. बेटासमोरच्या भूशिराचा एक तुकडाच कापून काढावा आणि ती भेग कायमची दिसत राहावी, अशी स्मारकाची योजना एका शिल्पकाराने मांडली. जगभर तिची वाहवा झाली. पण ज्या शेजाऱ्यांनी त्या दिवशी आपल्या होड्या घालून मुलांना पाण्यातून वाचविले होते, त्यांनी विरोध केला. रोज सकाळी खिडकी उघडल्यावर ती जखम आम्ही का पाहायची, असा त्यांचा सवाल होता. सरकारने २०१७ साली योजना सोडून दिली आणि २०२२ मध्ये होडीच्या धक्क्यापाशी ७७ काशाच्या खांबांचे साधे स्मारक पूर्ण झाले. स्मरण हे जिवंत माणसांच्या सोयीने आणि संमतीने करायचे असते, हा विवेक या वादातून दिसून आला.

सीमेपलीकडचे मृत

आपले नागरिक परक्या भूमीवर मारले गेले, तर त्यांची आठवण ठेवण्यास राष्ट्रे सहसा चुकत नाहीत. बाली बेटावर १२ ऑक्टोबर २००२ रोजी २०२ जण मारले गेले, त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन होते. ऑस्ट्रेलियाच्या अनेक शहरांत त्यांची स्मारके आहेत. ब्रिटनने २०१८ साली स्टॅफर्डशर येथे परदेशांत दहशतवादाला बळी पडलेल्या आपल्या सर्व नागरिकांसाठी स्वतंत्र स्मारक उभारले. अडचण येते ती त्याच ठिकाणी, त्याच क्षणी मेलेल्या इतरांच्या बाबतीत. नैरोबीतील अमेरिकन वकिलातीवर ७ ऑगस्ट १९९८ रोजी झालेल्या स्फोटात २१३ जण ठार झाले. त्यांपैकी अमेरिकन होते १२. लक्ष्य अमेरिका होती, मेले ते बहुतांशी केनियाचे कारकून, विद्यार्थी, रस्त्याने जाणारे-येणारे. वकिलातीच्या जागी नैरोबीत आज स्मृतिउद्यान आहे. पण जगाच्या स्मरणात तो दिवस अमेरिकेवरील हल्ल्याचा दिवस म्हणून नोंदला गेला. बाली येथे मरण पावलेल्या ३८ इंडोनेशियनांची गतही याहून फार वेगळी नाही.

अशा वेळी सहारा वाळवंटातील एका स्मारकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९ सप्टेंबर १९८९ रोजी फ्रान्सच्या यूटीए कंपनीचे ७७२ क्रमांकाचे विमान नायजरच्या तेनेरे वाळवंटावर बॉम्बने उडविले गेले आणि १७० जण मरण पावले. त्यांत फ्रेंच होते, तसेच काँगो आणि चाड येथील आफ्रिकीही मोठ्या संख्येने होते. मृतांच्या कुटुंबीयांनी २००७ साली त्या निर्मनुष्य वाळूत काळ्या दगडांनी विमानाची पूर्णाकृती रेखाटली आणि सभोवती १७० फुटके आरसे मांडले, प्रत्येक मृतासाठी एक. आरसा फ्रेंच माणसाचा कोणता आणि आफ्रिकी माणसाचा कोणता, हे तेथे ओळखता येत नाही.

महाराष्ट्राचा हिशेब

दुसऱ्यांच्या स्मरणाची अशी चिकित्सा केल्यानंतर आपल्या घरातील खतावणीही उघडणे प्राप्त आहे. दहशतवादाचे घाव महाराष्ट्राइतके थोड्याच राज्यांनी सोसले असतील. मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी २५७ जण मेले. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक. आणि २६ नोव्हेंबर २००८ पासून चाललेल्या हल्ल्यात १६६. यांपैकी शेवटची तारीख राज्याच्या मनावर कोरली गेली आहे. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर ही नावे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. निव्वळ लाठी हाती असताना अतिरेक्याची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचा पुतळा गिरगाव चौपाटीवर आहे. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटावर गावाकडची गाडी पकडण्यासाठी बोचकी घेऊन बसलेले ५८ जण मारले गेले, त्यांतील एका तरी माणसाचे नाव किती जणांना सांगता येईल? जगाच्या आणि आपल्याही डोळ्यांपुढे राहिला तो हॉटेलचा जळणारा घुमट.

ज्यांच्या मृत्यूला न्यायाचीही सोबत मिळाली नाही, त्यांची स्थिती याहून कठीण आहे. रेल्वे स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाल्या होत्या. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली, आणि राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. अपील दाखल करणे हे शासनाचे काम झाले. पण एकोणीस वर्षे वाट पाहिलेल्या कुटुंबांना त्या दिवशी जे वाटले असेल, ते समजण्यासाठी कॅनडातील २००५ च्या निकालाची आठवण पुरेशी आहे.

आणि अखेर मालेगाव. रेल्वे स्फोटांना दोन महिने होतात न होतात तोच, ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, जुम्याची नमाज आटोपून कब्रस्तानाकडे निघालेल्या गर्दीत स्फोट झाले आणि तिसाहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत मुलेही होती. ज्या नऊ मुस्लिम तरुणांना या प्रकरणी आधी पकडण्यात आले, त्यांना न्यायालयाने २०१६ साली दोषमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ रोजी त्याच गावात पुन्हा स्फोट होऊन सहा जण गेले. त्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी सुटले. म्हणजे दोन्ही वेळची माणसे मेली हे निर्विवाद, आणि त्यांना कोणी मारले हे मात्र अनिर्णित. या दोन तारखा मालेगावाबाहेर कोणत्या शाळेत, कोणत्या कचेरीत आठवल्या जातात? ११ जुलैला मुंबईत माहीम स्थानकावर फुले वाहिली जातात. ८ सप्टेंबर ही उर्वरित महाराष्ट्राला साधी तारीख आहे. यंत्रमागावर राबणारी ती माणसे महाराष्ट्राची नव्हती, असे कोणी उघडपणे म्हणणार नाही. कॅनडातही कोणी उघडपणे म्हटले नव्हते.

स्मरणाने जखमा चिघळतात, मृतांच्या नावावर राजकारण होते, तेव्हा विसरणेच श्रेयस्कर, असा एक पक्ष नेहमी मांडला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. मृतांना निवडणुकीच्या मंडपात आणून बसविणारे सर्व देशांत असतात. परंतु शासन आणि समाज यांनी आठवण मोकळी सोडली, तर ती जागा रिकामी राहत नाही. ‘कनिष्क’ कटाचा सूत्रधार म्हणून मेजर आयोगाने ज्याच्याकडे बोट दाखविले, त्या तलविंदरसिंग परमारची छायाचित्रे कॅनडातील मिरवणुकांतून हुतात्म्याच्या थाटात मिरविली गेली. आणि २०२३ साली तेथे झालेल्या एका जनमत चाचणीत दहापैकी नऊ कॅनडियनांना या घटनेची माहिती नसल्यातच जमा असल्याचे आढळले. मृतांची नावे लोकांना ठाऊक नसली, म्हणजे मारणाऱ्यांची प्रतिमा उजळून घेणे सोपे जाते.

यावर उपाय खर्चाचा नाही. २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशी शाळांतून उद्देशिकेचे वाचन होते आणि समतेचा व बंधुतेचा उच्चार होतो. त्याच सकाळी, त्याच परिपाठात, महाराष्ट्रात दहशतवादाला बळी पडलेल्यांच्या नावांतून दरवर्षी काही नावे वाचून दाखविता येतील: एक शिपाई, एक हॉटेलातील वाढपी, एक उपनगरी गाडीतील प्रवासी, मालेगावचा एक विणकर. ‘कनिष्क’मधील नावेही त्यांत असावीत, कारण ते विमान मुंबईकडेच येत होते. त्यासाठी शासनाने सर्व स्फोटांतील मृतांची एकच संपूर्ण नामावली प्रसिद्ध करावी. तिच्यात हुद्दा, धर्म, ठिकाण यांनुसार वर्गवारी नसावी, आणि खटल्याचा निकाल काय लागला यावर कोणाचे नाव अवलंबून नसावे. २१ मेच्या शपथेत दहशतवादाशी लढण्याचे वचन दिले जाते. ज्यांच्यासाठी लढायचे, त्यांची यादी समोर असेल तर त्या वचनाला काही अर्थ येईल.